आईचं ‘डे केअर’: अमेरिकेतल्या अॅडल्ट डे हेल्थ केअर केंद्रात दिवसभर नेमकं काय होतं

अमेरिकेतल्या मराठी घरांत ज्याला सरसकट ‘आईचं डे केअर’ म्हणतात, त्यात दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिल्या प्रकारात कॅरम, भजन, गप्पा, दुपारचं जेवण आणि ने-आण करणारी व्हॅन असते. आपल्याकडच्या महापालिकेच्या विरंगुळा केंद्राचंच हे थोरलं भावंड. दुसऱ्या प्रकारात हे सगळं असतंच, पण जोडीला नर्स, कुलूपबंद औषधांचं कपाट, फिजिओथेरपिस्ट, सोशल वर्कर आणि प्रत्येकाच्या नावाने लिहिलेली काळजीची योजना असते. पहिलं ‘सोशल’, दुसरं ‘हेल्थ’. दोन्हींच्या व्हॅन सारख्याच आणि दोन्हींच्या पत्रकांवर हसणारे आजी-आजोबाच. त्यामुळे इन्सुलिन घेणाऱ्या, वर्षात दोनदा पडलेल्या आईला घरचे पहिल्या प्रकारात घालतात आणि मग तिथे कोणी साखर तपासत नाही म्हणून तक्रार करतात. साखर तपासणं हे त्या केंद्राचं कामच नव्हतं.

हा लेख दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. त्याचं नाव राज्यागणिक बदलतं, हा आणखी एक घोळ. न्यू जर्सी आणि मेरीलँडमध्ये लोक त्याला ‘मेडिकल डे केअर’ म्हणतात. मॅसॅच्युसेट्समध्ये ‘अॅडल्ट डे हेल्थ’. टेक्सासमध्ये ‘डे अॅक्टिव्हिटी अँड हेल्थ सर्व्हिसेस’. मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा; कॅलिफोर्नियात त्याचं नाव मेडि-कॅल. १ एप्रिल २०१२ पासून मेडि-कॅलखाली मिळणाऱ्या या सेवेला ‘कम्युनिटी-बेस्ड अॅडल्ट सर्व्हिसेस’, म्हणजे सीबास, हे नाव आहे. न्यू यॉर्कमध्ये ‘सोशल अॅडल्ट डे केअर’ आणि ‘अॅडल्ट डे हेल्थ केअर’ असे दोन्ही प्रकार एकाच शहरात भेटतात. नाव पाठ करत बसू नका. फोन करून दोनच गोष्टी विचारा: परवाना कोणत्या खात्याचा आहे, आणि केंद्र चालू असताना नर्स इमारतीत असते का? दुसऱ्या प्रश्नावर ‘बोलावलं की येते’ असं उत्तर आलं, तर ते हेल्थ केंद्र नव्हे.

या कल्पनेचं मूळ इंग्लंडमध्ये आहे. १९५० च्या दशकात ऑक्सफर्डच्या काउली रोड रुग्णालयात डॉ. लायनल कोझिन यांनी वृद्धांसाठी ‘दिवसाचं रुग्णालय’ चालवलं: रुग्ण सकाळी यायचा, उपचार आणि व्यायाम करून संध्याकाळी घरी जायचा, खाट अडकायची नाही. अमेरिकेत तिला आजचं रूप मिळालं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउन परिसरात. तिथल्या चिनी, इटालियन आणि फिलिपिनो कुटुंबांना आपली म्हातारी माणसं नर्सिंग होममध्ये ठेवायची नव्हती, आणि घरी दिवसभर सांभाळणंही जमत नव्हतं. १९७१ मध्ये ‘ऑन लोक’ ही संस्था उभी राहिली आणि १९७३ मध्ये तिचं दिवसाचं केंद्र सुरू झालं. कँटोनीजमध्ये ऑन लोक म्हणजे शांत, सुखी घर. आपली भाषा आणि आपलं जेवण हा उपचाराचाच भाग आहे, हे तिथे पहिल्या दिवसापासून गृहीत होतं. आज न्यू जर्सीत किंवा ह्यूस्टनमध्ये शाकाहारी ताट वाढणारी केंद्रं दिसतात, तीही याच विचाराची.

प्रवेशाआधी

‘अॅडल्ट’ म्हणजे १८ वर्षांपुढचं कोणीही. पंचेचाळिशीत पक्षाघात झालेला माणूसही पात्र ठरू शकतो. पात्रता वयावर नाही, तर रोजच्या कामांत किती मदत लागते यावर ठरते. अंघोळ, कपडे घालणं, जेवणं, संडास-बाथरूम, खुर्ची-पलंगावरून उठणं आणि चालणं, ही ती कामं. न्यू जर्सीत मेडिकेडसाठी साधारणपणे यातल्या किमान दोन कामांत मदत लागावी लागते. कॅलिफोर्नियात नर्सिंग होमच्या पातळीची गरज, मध्यम ते तीव्र डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), मेंदूची इजा, दीर्घ मानसिक आजार असे ठरावीक गट आहेत.

विमा योजनेची नर्स समोर बसून प्रश्न विचारते, आणि बहुतेक मराठी अर्ज इथेच घसरतात. “अंघोळ स्वतः करता?” या प्रश्नावर आई ताठ बसून सांगते, “हो, मी माझं सगळं करते.” तिच्या दृष्टीने ते खरंच असतं. पण पाणी सून काढून देते, टबच्या काठावरून पाय टाकताना मुलगा हात धरतो आणि पाठ कोणीतरी चोळून देतं, हे तिच्या हिशेबात ‘मदत’ नसतंच. नर्स ‘स्वावलंबी’ लिहून मोकळी होते आणि अर्ज नाकारला जातो. म्हणून मुलाखतीआधी आठ दिवस साध्या वहीत लिहून ठेवा: कोणत्या कामात हात द्यावा लागला, कधी नुसतं बाजूला उभं राहावं लागलं, कधी तीनदा सांगावं लागलं. आठवण करून देणं आणि पडू नये म्हणून जवळ थांबणं हीसुद्धा मदतच धरतात. दुभाष्या मोफत मागता येतो. तो मराठीच मागा, हिंदीवर भागवू नका, आणि नातवाला तर दुभाष्या अजिबात करू नका. लघवीवर ताबा राहत नाही हे कोणतीही आजी नातवाच्या तोंडून सांगणार नाही. मेडिकेडच्या योजनेने नकार दिलाच, तर नोटिशीच्या तारखेपासून ६० दिवसांत अपील करता येतं. नोटीस फेकू नका.

यानंतर डॉक्टरचा तपासणी फॉर्म, औषधांची यादी आणि क्षयरोगाची चाचणी. भारतात लहानपणी बीसीजीची लस घेतलेल्यांची त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, आरोग्य खात्याची चौकशी आणि प्रवेश दोन-तीन आठवडे लांबणीवर. डॉक्टरकडे आधीच रक्ताची चाचणी मागा, म्हणजे इगरा. क्वांटिफेरॉन हे त्यातलं नेहमी कानावर येणारं नाव. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. ती पॉझिटिव्ह आली तर मात्र ती बीसीजीमुळे म्हणून सोडून देऊ नका, एक्स-रे काढावाच लागतो.

कॅलिफोर्नियात सुरुवातीचे तीन दिवसांपर्यंतचे मूल्यमापन केंद्राची सगळी मंडळी मिळून करतात: नर्स, सोशल वर्कर, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, कार्यक्रम बघणारा. एक जण घरीही येतो. देवघरासमोरची घडी पडलेली सतरंजी, बाथरूमच्या दारातलं सरकणारं पायपुसणं, रात्री पलंगापासून संडासपर्यंतचा अंधार, टबचा उंच काठ, असं सगळं तो पाहतो. घर स्वच्छ आहे का ते बघायला तो आलेला नसतो, त्यामुळे आवराआवर करून पायपुसणं लपवलंत तर भेटीचा उपयोग शून्य.

यातून काळजीची योजना तयार होते. ती दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासतात. योजनेची प्रत मागून घ्या आणि उद्दिष्टं वाचा. ‘चालणं सुधारणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘वॉकर घेऊन, दुसऱ्याचा हात न धरता ५० फूट, तीन महिन्यांत’ असं लिहिलेलं असलं, तर तिथे कोणीतरी खरंच मोजमाप करतंय असं समजा.

दिवस कसा जातो

कॅलिफोर्नियात सेवेचा दिवस किमान चार तासांचा, न्यू जर्सीत किमान पाच तासांचा. प्रवासाचा वेळ यात धरत नाहीत. आठवड्यात जास्तीत जास्त पाच दिवस. सीबासमध्ये रोज द्यायलाच हव्यात अशा चार गोष्टी आहेत: नर्सिंग, उपचाराला पूरक असे कार्यक्रम, सोशल वर्करची किंवा बाथरूम-कपड्यांसारख्या कामांतली वैयक्तिक मदत, आणि एक जेवण. थेरपी, मानसोपचार, आहारतज्ज्ञ आणि वाहतूक या गरजेप्रमाणे जोडल्या जातात.

दिवस व्हॅनपासून सुरू होतो, आणि पहिली कुरबुरही तिथूनच. व्हॅन आठ-दहा घरं फिरते. आई पहिल्या थांब्यावर असेल तर तास-तासभर बसून राहते. सकाळी सातला फ्युरोसेमाइडसारखी लघवीची गोळी घेऊन आठच्या व्हॅनमध्ये बसवलं की रस्त्यात काय होतं ते वेगळं सांगायला नको. असं एकदा झालं की ती दुसऱ्या दिवशी ‘मला नाही जायचं’ म्हणते आणि खरं कारण काही सांगत नाही. डॉक्टरला विचारून गोळीची वेळ बदलता येते का बघा, आणि वाहतूक बघणाऱ्याला शेवटच्या थांब्यांपैकी एक मागा. ड्रायव्हर दारापर्यंत येतो की फक्त फुटपाथपर्यंत, हेही आधी विचारा. बर्फाच्या दिवसांत या एका गोष्टीवर माकडहाड शाबूत राहणं अवलंबून असतं.

केंद्रात आल्यावर नर्सकडे रक्तदाब, नाडी, गरज असेल तर साखर आणि वजन. वजनाचा काटा कंटाळवाणा वाटतो, पण हृदय अशक्त असलेल्या माणसासाठी तो सर्वांत उपयोगी यंत्रांपैकी एक. एका दिवसात २-३ पौंड किंवा आठवड्यात ५ पौंड वाढले, तर ती चरबी नसते, अंगात साठलेलं पाणी असतं. नर्स त्याच दिवशी डॉक्टरला फोन करते, गोळीचा डोस बदलतो आणि रात्रीची इमर्जन्सी टळते. घरी आपण आईला रोज बघतो, म्हणूनच पायाची सूज आपल्याला दिसत नाही.

औषधांचे नियम कडक असतात. डॉक्टरच्या लेखी आदेशाशिवाय केंद्र डोकेदुखीची गोळीसुद्धा देत नाही. औषध फार्मसीच्या मूळ बाटलीत, आईच्या नावाच्या लेबलसकट हवं. सात कप्प्यांची डबी चालत नाही, आणि भारतातून आणलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या तर नाहीतच. हा जाच वाटतो, पण त्यामागे कारण आहे. पुण्याहून आणलेली ‘ग्लायकोमेट-जीपी’ आणि इथल्या डॉक्टरने लिहिलेल्या मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड ही एकच औषधं आहेत. ‘टेल्मा’ म्हणजे टेल्मिसार्टन. ‘एकोस्प्रिन ७५’ आणि इथली ८१ मिलिग्रॅमची ‘बेबी अॅस्पिरिन’ दोन्ही अॅस्पिरिनच. नावं वेगळी म्हणून दोन्ही चालू राहतात आणि डोस दुप्पट होतो. पहिल्या दिवशी घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून नर्ससमोर ओता. त्यात आयुर्वेदिक काढे, चूर्णं आणि शेजारणीने दिलेल्या गोळ्याही आल्या. नर्स रागावेल, रागावू दे. डिमेन्शिया असलेल्या आईची दिवसातून एकदाच घ्यायची औषधं दुपारी केंद्रात देता येतील का, हेही डॉक्टरला विचारून ठेवा. ती गोळी आठवड्यातले पाच दिवस तरी नक्की पोटात जाते.

जेवण दिवसाच्या पोषणाच्या साधारण एक-तृतीयांश असावं असं धरतात, आणि त्याचा काही खर्च केंद्रीय शेती खात्याच्या बालक-प्रौढ आहार योजनेतून केंद्राला परत मिळू शकतो. ताटात काय आहे यापेक्षा ते कधी येतं हे जास्त बघा. बऱ्याच केंद्रांत साडेअकराला जेवण होतं. घरी दीड वाजता जेवणाऱ्या आईचं इन्सुलिन त्या वेळेवर बसवलेलं असेल, तर सगळा मेळ चुकतो. जेवणाआधीचं इन्सुलिन कोण देणार आणि किती वाजता, हे लेखी ठरवून घ्या.

आणि उपास. एकादशी, चतुर्थी, नवरात्र यांच्या तारखा नर्सला महिन्याच्या सुरुवातीलाच द्या. ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी राहिलं की साखर ७० च्या खाली जाऊ शकते: घाम, थरथर, चिडचिड, मग गुंगी. केंद्रात १५ ग्रॅम साखर देतात, म्हणजे अर्धा कप फळांचा रस, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासतात. उलट बाजूने, साबुदाण्याची खिचडी हा ‘हलका उपास’ मधुमेहाला अजिबात हलका नसतो. उपास सोडायला सांगणारी नर्स तुमच्या धर्मावर बोट ठेवत नाही, ती गोळीचा हिशेब करत असते. डॉक्टरकडून त्या दिवसापुरता डोस ठरवून घेतला की दोघींचंही समाधान होतं.

गिळताना त्रास होत असेल तर स्पीच थेरपिस्ट बघतो. ‘स्पीच’ नावामुळे हा माणूस फक्त बोलणं शिकवतो असं वाटतं. पक्षाघातानंतर किंवा पार्किन्सनमध्ये पाणी पिताना ठसका, जेवणानंतर ओला, घोगरा आवाज आणि वारंवार छातीचा संसर्ग ही लक्षणं त्याला सांगा. अन्न आणि पेयांचे ० ते ७ असे आंतरराष्ट्रीय स्तर आहेत. आईला कोणता स्तर दिला आहे ते कागदावर मागा आणि घरीही तोच पाळा. आपल्या ताटातले कोरडे पोहे आणि फरसाण अशा घशाला सर्वांत वाईट: सुटे, कोरडे, घशात विखुरणारे. पातळ आमटी आणि भात वेगवेगळे राहतात तेव्हा तोही त्रासच. मऊ, घट्ट, एकजीव मऊभात सहसा बरा पडतो, पण तुमच्या आईसाठी तो चालेल की नाही हे थेरपिस्टने बघून सांगायचं.

फिजिओथेरपीत मोजमापं असतात, तीच विचारत जा. एक चाचणी अशी: खुर्चीतून उठायचं, दहा फूट चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे. दुसरी: हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं. सत्तर ते चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला दहाहून कमी, पुरुषाला बाराहून कमी जमलं तर पायात ताकद कमी आहे. दर तीन महिन्यांनी हे आकडे मागितले की थेरपी होतेय की नुसता खुर्चीत बसून हात वर-खाली चाललाय, ते कळतं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट बटणं, चमचा, साडी की गाऊन, संडासातली पकडायची दांडी, पाण्याचा हाताचा फवारा अशा गोष्टी सोडवतो. आपल्या माणसांना संडासात पाणी लागतं आणि त्यासाठी वाकताना तोल जातो, हे त्याला तुम्हीच सांगायला हवं.

वैयक्तिक मदतीत दर दोन तासांनी बाथरूमला नेणं, डायपर बदलणं आणि काही केंद्रांत आठवड्यातून एक-दोनदा अंघोळ येते. अंघोळीची सोय सगळीकडे नसते. विचारून घ्या, कारण वाकलेल्या गुडघ्यांच्या सुनेसाठी ही एकच सेवा बाकी सगळ्यांइतकी मोलाची ठरू शकते. पिशवीत कपड्यांचा पूर्ण जोड, नाव लिहिलेला, रोज असू द्या.

सोशल वर्करकडे लोक फक्त फॉर्म भरायला जातात. त्याचं मोठं काम वेगळं आहे. १५ प्रश्नांच्या नैराश्य-चाचणीत पाच किंवा अधिक गुण आले की तो डॉक्टरला कळवतो. आई ‘झोप नाही, भूक नाही, अंग दुखतं’ म्हणते तेव्हा घरचे पोटाचा डॉक्टर शोधतात. बऱ्याचदा ते मन असतं: भाषा नाही, गाडी नाही, दिवसभर रिकामं घर. आणखी एक गोष्ट माहीत असावी. कॅलिफोर्नियात आणि इतर अनेक राज्यांत केंद्राच्या लोकांवर वृद्धांच्या छळाचा संशय आला तर सरकारी यंत्रणेला कळवण्याचं कायदेशीर बंधन आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे आईच्या हातावर निळे डाग पडत असतील, ती रात्री पलंगावर आपटली असेल, तर सकाळीच ड्रायव्हरजवळ नर्ससाठी चिठ्ठी द्या. लपवलेला डागच संशय वाढवतो.

कार्यक्रमांबद्दल एवढंच: डिमेन्शिया असलेल्या आजींना आणि फक्त गुडघे दुखणाऱ्या आजींना एकाच टेबलावर बसवणारं केंद्र दोघींवरही अन्याय करतं. वेगवेगळे गट आहेत का ते बघा.

पैसे कोण देतं

बहुतेकांचा समज चुकतो तो इथे. ६५ नंतर मिळणारा सरकारी आरोग्य विमा, म्हणजे मूळ मेडिकेअर, या केंद्राचे पैसे देत नाही. खासगी कंपन्यांमार्फत चालणाऱ्या काही मेडिकेअर अॅडव्हान्टेज योजना थोडेफार दिवस देतात. मुख्य पैसा मेडिकेडचा, म्हणजे कॅलिफोर्नियात मेडि-कॅलचा. स्वतः भरायचं तर केअरस्काउट या कंपनीच्या २०२४ च्या काळजी-खर्चाच्या पाहणीत देशातला मध्यम दर दिवसाला १०० डॉलर, वर्षाला सुमारे २६,००० होता. त्याच पाहणीत नर्सिंग होमची दोघांतली खोली वर्षाला १,११,००० डॉलरच्या पुढे होती. या दोन आकड्यांतला फरक बघितला की राज्य सरकारं या केंद्रांना पैसे का देतात ते कळतं.

पर्यटक व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना यातला कोणताच सरकारी विमा मिळत नाही, आणि प्रवास विमाही हे धरत नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावर केंद्रीय मेडिकेडसाठी पाच वर्षं थांबावं लागतं. काही राज्यं स्वतःच्या पैशातून ही अट सैल करतात. पासष्टीपुढच्या ग्रीन कार्डधारकाला पाच वर्षं सलग राहिल्यावर मेडिकेअर हप्ता भरून विकत घेता येते, पण वर म्हटल्याप्रमाणे तिच्यातून केंद्र मिळत नाही.

मेडिकेडच्या अर्जात पुण्यातला फ्लॅट, बँकेतली ठेव आणि निवृत्तिवेतन सांगावं लागतं. परदेशातली मालमत्ता मोजत नाहीत हा गैरसमज आहे, आणि तो महागात पडतो. न्यू जर्सीत दीर्घकालीन सेवांसाठी एकट्या व्यक्तीची मालमत्ता मर्यादा २,००० डॉलर आहे. कॅलिफोर्नियाने काढून टाकलेली मर्यादा जानेवारी २०२६ पासून १,३०,००० डॉलरवर परत आणली. शिवाय ५५ वर्षांपुढच्या व्यक्तीवर झालेला दीर्घकालीन सेवांचा खर्च राज्य तिच्या मृत्यूनंतर तिच्या मालमत्तेतून वसूल करू शकतं. या दोन्ही बाबतींत वृद्धांच्या कायद्याचा वकील एकदा गाठलेला बरा.

मेडिकेड नसलेल्यांनी तीन वाटा बघाव्यात. आई करासाठी तुमच्यावर अवलंबून असेल, स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल, अर्ध्याहून जास्त वर्ष तुमच्याकडे राहत असेल आणि रोज किमान आठ तास तुमच्या घरी असेल, तर कामावर जाता यावं म्हणून भरलेली केंद्राची फी मुलांच्या पाळणाघरासारखीच कर-सवलतीत धरता येते. एका व्यक्तीसाठी हिशेबात येणारा खर्च ३,००० डॉलरपर्यंत. मूळ मेडिकेअर असलेल्या डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी जुलै २०२४ मध्ये ‘गाइड’ नावाचा केंद्रीय प्रयोग सुरू झाला, त्यात पात्र घरांना घरच्यांच्या विसाव्यासाठी वर्षाला २,५०० डॉलरपर्यंतची सेवा मिळते. आणि ‘पेस’: ५५ वर्षांपुढच्या, नर्सिंग होमच्या पातळीची गरज असलेल्यांसाठी केंद्र, डॉक्टर, औषधं, वाहतूक सगळं एकाच छपराखाली. ऑन लोकच्या नमुन्यावरूनच १९९७ च्या कायद्याने ती मेडिकेअरची कायम योजना झाली. मात्र पेस घेतलं की डॉक्टरही त्यांचेच, जुना डॉक्टर सोडावा लागतो.

मेडिकेअरची घरी येणारी नर्स फक्त सहज घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना मिळते. अशी नर्स येत असेल तर ‘आई केंद्रात जाते म्हणजे ती घरात अडकलेली नाही, सेवा बंद होईल’ अशी भीती दाखवतात. परवानाधारक केंद्रात उपचारासाठी जाणं त्या नियमातून वगळलेलं आहे. एवढं एक वाक्य सांगितलं की वाद मिटतो.

नाव नोंदवल्याबद्दल रोख पैसे, किराण्याची कुपनं किंवा ‘तुमच्या मैत्रिणीला आणा, शंभर डॉलर घ्या’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. सरकारी विम्याच्या सेवेसाठी अशी देवाणघेवाण गुन्हा आहे. न गेलेल्या दिवसांच्या हजेरीवर सही करायला सांगणं हाही तसाच प्रकार, आणि सही आईची असते.

रुळणं आणि न रुळणं

केंद्र बघायला सकाळी ११ च्या सुमारास, न कळवता जा. लोक टीव्हीसमोर झोपलेले आहेत की काही चाललंय? बाथरूमला वास येतो का? कोणाशी बोलताना कर्मचारी वाकून डोळ्यांत बघून बोलतात का? सहा जणांमागे एक कर्मचारी ही अशा केंद्रांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. डिमेन्शियाच्या गटात चारामागे एक हवा. मराठी बोलणारं कोणी आहे का विचारा. गुजराती-हिंदीवर दिवस निघतो, पण दुखणं माणूस स्वतःच्या भाषेतच नीट सांगतो.

सुरुवातीला आठवड्यातून एकच दिवस पाठवणं हा घरच्यांचा आवडता मध्यममार्ग, आणि बहुतेकदा तो फसतो. दर वेळी तिच्यासाठी जागा नवीनच राहते. पेन स्टेट विद्यापीठातल्या स्टीव्हन झारिट आणि सहकाऱ्यांच्या १९९८ च्या अभ्यासात सांभाळणाऱ्यांवरचा ताण कमी झाला तो आठवड्यातून किमान दोन दिवस, तीन महिने केंद्र वापरणाऱ्या घरांत. दोन किंवा तीन दिवस लागोपाठ ठेवा, निदान सहा आठवडे. ‘डे केअर’ हा शब्द घरात वापरू नका. ‘व्यायामाला’, ‘नर्सकडे बीपीला’ हे खरंही आहे आणि आईला पटतंही. डिमेन्शियात संध्याकाळी अस्वस्थता वाढते, म्हणून व्हॅन चारच्या आत घरी येईल अशी वेळ मागा आणि त्या वेळी घरात कोणीतरी असू द्या. दार उघडायला कोणी नसेल तर ड्रायव्हर तिला उतरवणार नाही, केंद्रात परत नेईल.

केंद्राच्या हाताबाहेरच्या गोष्टीही असतात. उठवायला दोन माणसं लागणं, सतत मारणं-ओरबाडणं, दिवसभर बसताच न येणं, डायलिसिसच्या दिवसांनंतरचा पूर्ण थकवा. अशा वेळी केंद्र सेवा थांबवण्याची लेखी सूचना देतं. त्याआधीच्या बैठकीला जा आणि तीन प्रश्न विचारा: दिवस कमी करून चालेल का, औषधात बदलामुळे वागणं बदललंय का, आणि लघवीचा संसर्ग तपासला का. वृद्धांमध्ये अचानक आलेल्या चिडचिडीचं किंवा गोंधळाचं कारण कधी कधी एवढंच निघतं, आणि प्रतिजैविकांनंतर तीच आजी पुन्हा कॅरमच्या टेबलावर बसते.